ईकोच्या दुरुस्तीचं एस्टिमेट ६८,४००. गाडी दुरुस्त करू की विकून काढू?

प्रेषक: डबेवाली काकू, रामबाग

सर्वांना नमस्कार.

इथे चाललेल्या महाप्रसादाच्या चर्चेत घुसत नाही, म्हणून विषय वेगळा काढलाय. आपली डब्यांची मारुती ईको व्हॅन तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, मंडळाच्या कोजागरीचं दूध दर वर्षी तिच्यातूनच येतं. २०१६ ची, पिवळी पाटी (म्हणजे धंद्याची गाडी), सीएनजी किट बसवलेलं, मीटरवर १ लाख ६२ हजार. गेले पंधरा दिवस इथे इंदुरात पलासियाच्या सिग्नलला उभी राहिली की टेम्परेचरचा काटा वर चढतो, गाडी पळायला लागली की खाली येतो. शुक्रवारी नवलख्याजवळ सीटखालून वाफच निघाली. डबे रिक्षात भरून पोचवले. अडीच वाजले. एका आजोबांनी तोवर केळी खाऊन घेतली होती, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटली.

मोठ्या वर्कशॉपात नेली. संध्याकाळी दोन पानी एस्टिमेट हातात: इंजिन हाफ करावं लागेल, शिवाय राडिएटर, वॉटर पंप, क्लच सेट, पुढचं सस्पेन्शन. ६८,४०० रुपये. दोन्ही पानांचा फोटो सोबत जोडलाय. मग ट्रान्सपोर्ट नगरच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं सीट उचलून दोन मिनिटं डोकावलं आणि म्हणाला, ‘हेड गया भाभीजी, अड़तीस में कर दूँगा.’ कागद नाही, काही नाही. तिसरा ह्यांच्या ओळखीचा निघाला. तो म्हणे, जुनं पण चांगलं इंजिन टाकून देतो, ५५ हजार, वर्षभर बघायला नको.

गणपतीला एकोणीस दिवस राहिलेत आणि मी मोदकांच्या ऑर्डरी घेऊन बसलेय. हे म्हणतात विकून टाक. तापणारी गाडी घेणार कोण? तिघांनी तीन आकडे सांगितले ते एक वेळ समजू शकते, पण आजारही तीन वेगळे सांगितले. कोणाचं खरं मानू?

—

प्रेषक: विजयनगर

काकू, काढून टाका. जुन्या गाडीत एकदा पैसा घालायला सुरुवात केली की थांबता येत नाही, माझ्या भावाचं हेच झालं. तसंही दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या सरकार बंद करतंय, व्हॉट्सॲपवर आलंय. छोटा इलेक्ट्रिक लोडर घ्या, डब्यांच्या धंद्याला तेवढं पुष्कळ आहे.

—

प्रेषक: पीथमपूरवाले काका, सुदामा नगर

काकू,

तीस वर्षं पीथमपूरला इंजिन शॉपमध्ये काढली, त्यामुळे राहवत नाही. तिघांपैकी कोणाचंच अजून खरं नाही, कारण तिघांपैकी एकानंही काही मोजलेलं नाही. तुमच्या दोन पानांत सतरा पार्टची नावं आहेत, तपासणीची ओळ एकही नाही. नाडी न बघता ऑपरेशनचा खर्च सांगितलाय.

हाफ इंजिन म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं, खालून ऑइलची चेंबर काढायची, पिस्टन बाहेर, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. हे काम रिंगा गेल्या असतील तेव्हाचं. रिंगा गेल्या की निळसर धूर येतो, ऑइल पिते, चढावर दम तुटतो. यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत ते असं की उभी असताना काटा वर आणि पळताना खाली. पळताना वारा आपोआप लागतो, उभी असताना पंख्याला लावावा लागतो. म्हणजे माझा पहिला संशय राडिएटरच्या पंख्यावर आणि दुसरा राडिएटरवर. पण तशीच तापवत पंधरा दिवस चालवलीत, तेव्हा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनाच्या मधलं पॅकिंग, गेलेलं असू शकतं. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं. इथे मिस्त्रीचं थोडं बरोबर असेल.

आता हे करा. सकाळी गाडी पूर्ण गार असताना (गार असतानाच! गरम गाडीचं झाकण उघडून हात भाजून घेतलेले मी तीन जण पाहिलेत) राडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायची. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. ऑइलची पट्टी ओढून बघा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये. मग कंप्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती भरतो ते मोजायचं. चारही प्लग काढून एकेका सिलिंडरला गेज लावायचं. एकटा आकडा किती आला यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. जो कमी भरेल त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा उसळला तर रिंगा, तर वर्कशॉपवाले बरोबर. हलला नाही तर दुखणं वर, व्हॉल्व्हमध्ये नाहीतर गॅस्केटमध्ये. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सोबत कमी भरले तर बहुतेक त्या दोघांच्या मधलं गॅस्केटच. ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली आहे, सीट उचलली की प्लग हाताशी येतात, तासाभराचं काम. सात-आठशे मागेल, ते द्या, आणि चारही आकडे कागदावर लिहून घ्या. तो कागद घेऊन कुठेही जा, भाषा बदलते समोरच्याची.

जुन्या इंजिनाच्या भानगडीत पडू नका. ते कोणत्या गाडीतून आलं हे सांगणारा कागद तो देणार नाही, आणि इंजिन बदललं की नवा नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो. उद्या आरटीओच्या फिटनेस तपासणीला चेसिस आणि इंजिन नंबर बघितला की तुम्ही उभ्या.

विजयनगरवाले, तो दहा-पंधरा वर्षांचा मामला दिल्ली-एनसीआरचा आहे, डिझेलला १०, पेट्रोलला १५. आपल्याकडे पिवळ्या पाटीची गाडी आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेसला न्यावी लागते, पास झाली की चालते. हां, वय वाढतं तशी फी वाढते, ते खरं.

एक विचारतो, रागावू नका. राडिएटरमध्ये कोण काय भरतं? इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ ला आलं, पण ड्रायव्हर लोक अजून बोरिंगचंच ओततात. आमच्या सुदामा नगरच्या बोरिंगची पांढरी खपली बादलीला बसते, ती राडिएटरच्या नळ्यांना बसत नसेल का?

—

प्रेषक: वहिनी, लोकमान्य नगर (हिशेबवाल्या)

काकांच्या पुढे इंजिनाबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही, मी फक्त तुमचा कागद वाचला. पार्ट ३५,००० वर २८ टक्के जीएसटी, लेबर २०,००० वर १८ टक्के. ४४,८०० अधिक २३,६००, बरोबर ६८,४००. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर १८ टक्केच आहे! जुनाच फॉर्मॅट चालवताहेत. नुसता दर दुरुस्त केला तरी ६४,९०० होतात, ३,५०० रुपये तिथेच सुटले. एवढी चूक पहिल्या पानावर असेल तर दुसरं पान कसं वाचायचं ते तुम्ही ठरवा.

विकायचं की ठेवायचं हे ६८ हजारांवर ठरवू नका, महिन्यावर ठरवा. समजा ३० हजार लागले आणि गाडी पुढे दोन वर्षं चालली, तर महिन्याला साडेबाराशे. नव्या गाडीचा हप्ता यात कुठे बसेल, तुम्हीच सांगा. मात्र दुरुस्ती सहाच महिने टिकली तर तोच हिशेब महिना पाच हजारांवर जातो, मग विजयनगरवाल्यांचं ऐका. आणि गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडं खर्चात धरा, ते कोणी धरत नाही.

वर्कशॉपवाले ऐकेनात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे, नाही म्हणून गाडी बाहेर काढता येते. बाहेर काढताना काही सह्या मागितल्या तर वाचून करा.

—

प्रेषक: डबेवाली काकू, रामबाग

काका, वहिनी, उशिरा उत्तर देतेय, गाडी कालच हातात आली.

पाण्यात बुडबुडे होते. ऑइल स्वच्छ. कंप्रेशन टेस्टला ८०० घेतले. आकडे: १२.५, १२, ९, ८.५. शेवटच्या दोन्हींत ऑइल सोडलं तरी काटा जागचा हलला नाही. काका, मी त्या गॅरेजमध्ये उभी राहून ‘म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या मधलं गॅस्केट’ असं म्हटलं तेव्हा त्या पोराचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग तोच कागद घेऊन वर्कशॉपात गेले. आधी म्हणाले मॅडम, आमची पॉलिसी आहे, इंजिन उघडलं की हाफच करतो. जीएसटीचं विचारलं तर सिस्टममध्ये तसंच येतं. तिथून निघाले. ट्रान्सपोर्ट नगरच्या मिस्त्रीला आकडे दाखवले, तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘ये पहले बतातीं तो अड़तीस बोलता ही नहीं.’ मी म्हटलं भिया, बघायचं काम तुझं होतं की माझं?

हेड उतरवून खरादवाल्याकडे (लेथवाल्याकडे) फेस करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, व्हॉल्व्ह घासून घेतले, २,२००. पंख्याची मोटर जळालेलीच होती, २,४००. राडिएटर खोलला तेव्हा अर्ध्या नळ्या पांढऱ्या! काका, हो, बोरिंगचंच पाणी, आणि ड्रायव्हर नाही, मीच भरायची. नवा ३,९०० ला बसवला, आता आत कूलंट आहे आणि बाटलीवर चिठ्ठी लावलीये की पाणी टाकायचं नाही. वर्कशॉपवाले एका बाबतीत खरे ठरले: क्लच प्लेट खरंच रिव्हेटपर्यंत घासली होती. मला वाटत होतं सगळंच फुगवलंय. क्लच सेट ४,८००. बाकी गॅस्केट सेट, होज, ऑइल आणि मजुरी धरून, टेस्टसकट सगळे २७,००० झाले. सस्पेन्शनला हात लावला नाही, खड्ड्यात खडखडते, खडखडू दे.

तीन दिवस सांगून सहा दिवस लावले. त्यातले दोन दिवस खरादवाल्याकडे लाइन होती, एक दिवस मिस्त्री मेहुण्याच्या लग्नाला महूला गेला. लोडिंग रिक्षाचं भाडं रोज ९००, म्हणजे ५,४००. वहिनी, ते धरून ३२,४००, तुमच्या वहीत लिहा. जुने पार्ट सगळे मागून आणले, काळं पडलेलं गॅस्केट ह्यांना दाखवायला डायनिंग टेबलवर ठेवलं, त्यावरून घरात वेगळं भांडण झालं.

काल बाइकवाल्या पोरांनी मुद्दाम पलासियाला समोर गाडी उभी करून दोन सिग्नल घालवले. काटा अर्ध्यावर, हलला नाही.

विजयनगरवाले, तुमचे १०१ मोदक यादीत आहेत, पण गणेश चतुर्थीला सकाळी आठच्या आधी घरी कोणीतरी असू द्या.

—

प्रेषक: पीथमपूरवाले काका, सुदामा नगर

चारशे-पाचशे किलोमीटर झाले की एकदा गार असताना कूलंटची पातळी बघा, कमी झाली तर मला फोन करा. आणि सीएनजी सिलिंडरच्या प्लेटवरची तारीख वाचा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं सिलिंडरची तपासणी) लागते, फिटनेसच्या वेळी विचारतील. तुमच्या एस्टिमेटच्या दोन पानांत सस्पेन्शन होतं, हे नव्हतं.

—

प्रेषक: डबेवाली काकू, रामबाग

तारीख वाचली. टेस्टची मुदत संपून दोन महिने उलटून गेलेत. देवास नाक्याकडे कोणी चांगला टेस्टवाला माहीत असेल तर कळवा, फक्त मोदकांच्या आठवड्यात नको.