गेममधल्या गाडीवर खरं नाव लिहिलं, तर गाडी खरीच हवी ना?

चौथा_गिअर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी भाचा ग्रॅन टुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होता. त्याने सुझुकी स्विफ्ट निवडली आणि लगेच हाक मारली, "मामा, ही चुकीची काढलीये. आपल्या गाडीला मागे दोन सायलेन्सर कुठे आहेत?"

दोघं खाली पार्किंगमध्ये गेलो आणि आमच्या २०१८ च्या स्विफ्टमागे उकिडवे बसलो. बंपरच्या आत दडलेली एकच बारीक नळी. वाकल्याशिवाय दिसतही नाही. वर येऊन पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तर तिथे दोन्ही बाजूंना जाड, गोल, चकचकीत तोंडं. पोरगं खूश, चूक सापडली म्हणून.

पण चूक नव्हतीच. गेममधली गाडी २०१७ ची स्विफ्ट स्पोर्ट आहे. तिला १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४० पीएस (ताकदीचं माप, जवळपास हॉर्सपॉवरइतकंच). आमच्या गाडीला १.२ लिटरचं साधं इंजिन, ८३ पीएस. स्पोर्ट भारतात विकायला आलीच नाही. तिला सायलेन्सरची दोनच तोंडं असतात आणि गेमने ती बरोबर दाखवली होती. भाचा त्या दिवशी एक गाडी नीट ओळखायला शिकला, तो गेममुळे.

म्हणूनच बाकीच्या ठिकाणी होणारी हयगय मला सहन होत नाही. याच मालिकेचा पाचवा भाग २०१० मध्ये आला, तेव्हा हजारावर गाड्यांची जाहिरात होती. त्यातल्या साधारण २०० 'प्रीमियम', म्हणजे आतून-बाहेरून नव्याने केलेल्या. उरलेल्या ८०० च्या आसपास 'स्टँडर्ड', म्हणजे मुख्यतः प्लेस्टेशन २ वरच्या चौथ्या भागातून उचललेल्या. दिव्यांच्या जागी दिव्याचं चित्र चिकटवलेलं, दारांच्या फटी रंगवलेल्या, आणि सुरुवातीला आतून बघायची सोयच नाही. त्यातही एकच युनोस रोडस्टर, एकच स्कायलाइन वर्षं आणि उपप्रकार बदलून पुन्हा पुन्हा मोजलेली.

माझं म्हणणं साधं आहे. पडद्यावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि वर्ष लिहिलंत की ती गाडी तशीच दिसली पाहिजे. जमत नसेल तर नाव लिहू नका. तुमचं मत काय?

जाळी_आणि_पोत

असहमत. आणि हे मी आतल्या माणसाच्या नात्याने लिहितोय. पुण्यात थ्रीडी मॉडेलिंग करतो, त्यातली काही वर्षं गाड्यांवर गेली.

चूक कशी शिरते ते सांगतो. कंपनीकडून दरवेळी मूळ आराखडा मिळतो असं नाही, आणि जुन्या गाड्यांचा तर बहुतेक नसतोच. मग कुणाची तरी खरी गाडी शोधायची, तिचे शेकडो फोटो काढायचे, जमलं तर लेझर स्कॅन. आता तीस वर्षांची गाडी मालकाने तशीच ठेवलेली असते का? एकदा माझ्याकडे आलेल्या फोटोंमध्ये गाडी पुढून दीड-दोन इंच खाली बसवलेली होती. मालकाने स्प्रिंगा बदललेल्या. मी जसं दिसलं तसं केलं. तपासणाऱ्यानेही फोटोशी ताडून पाहिलं आणि पास केलं. गाडी बाहेर आली आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी लिहिलं, "उंची चुकली, आळशी लोक." आळस कुठे होता यात? मी तीन आठवडे त्या गाडीच्या चाकाच्या कमानी घासत होतो.

ग्रॅन टुरिस्मोचे कर्ते काझुनोरी यामाउची यांनी पाचव्या भागाच्या वेळी एका प्रीमियम गाडीला सहा महिने लागतात असं सांगितलं होतं. आता ८०० गाड्यांना सहा-सहा महिने लावून बघा. जुन्या गाड्या घेतल्या नसत्या, तर त्या गेममध्ये नसत्याच. तुम्हाला ओबडधोबड गाडी हवी की गाडीच नको?

चौथा_गिअर

तुमच्या मेहनतीबद्दल शंका नाही, आणि उंचीचा किस्सा वाचून वाईट वाटलं. पण प्रश्नाचं उत्तर देतो: गाडीच नको. २०१७ च्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टमध्ये त्यांनी तेच केलं. जुन्या सगळ्या काढल्या आणि दीडशेच्या वर गाड्या घेऊन आले. लोकांनी संख्येवरून आरडाओरडा केला, पण प्रत्येक गाडीत बसता येत होतं. मला तो निर्णय प्रामाणिक वाटला.

तासाला_वीस_रुपये

तुम्ही दोघं फारच बारकाईत शिरलात. मी नीड फॉर स्पीड टू एसई खेळत मोठा झालो. नाशिकला घराजवळ कॅफे होता, तासाला वीस रुपये, शाळेच्या डब्याचे पैसे वाचवून जायचो. त्या गाड्यांचे कोपरे डबा कापल्यासारखे होते. तरी मॅक्लॅरेन एफ१, जग्वार एक्सजे२२०, इस्डेरा कमेंडाटोरे ही नावं मला पाठ होती. वर्गात दुसऱ्या कुणाला इस्डेरा हा शब्दही माहीत नव्हता.

आणि सेगाचा आउटरन घ्या, १९८६ चा. लाल, उघडी फेरारी टेस्टारोसा, समुद्रकाठचा रस्ता. फेरारीने टेस्टारोसा उघड्या टपाची विकायला काढलीच नव्हती. फियाटचे प्रमुख जानी आन्येली यांच्यासाठी कंपनीने एक बनवली, तेवढीच. म्हणजे त्या गेमची मुख्य गाडीच तुमच्या हिशोबाने चुकीची. मग काय, आउटरन वाईट गेम झाला? छप्पर असतं तर वाऱ्यात उडणारे केस दिसलेच नसते, आणि त्या खेळाचं अर्धं सुख तिथे होतं. गाडीवर प्रेम बसणं महत्त्वाचं, चाकाचे नट मोजणं नव्हे.

पन्हाळी_पाहणारा

@तासाला_वीस_रुपये, भाऊ, इस्डेराचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. कमेंडाटोरे ११२आय एकच बनली होती. जगात एक. आपल्यापैकी कुणी ती प्रत्यक्ष पाहण्याची शक्यता जवळजवळ नाही. मग तुमच्या डोक्यात जी इस्डेरा आहे ती त्या गेमचीच. गेमने तिचं नाक चुकवलं असेल तर तुमच्यासाठी तेच खरं नाक. दुर्मीळ गाडीच्या बाबतीत तर जास्त काळजी हवी.

आणि आउटरनमध्ये फेरारीचं नाव वापरायची परवानगीच घेतलेली नव्हती. नंतरच्या काही आवृत्त्यांत गाडीचं रूप बदलावं लागलं ते त्यामुळेच. धागाकर्ते म्हणतात ते नाव लिहिलेल्या गाड्यांबद्दल.

माझी वेगळी तक्रार आहे, ती खेळणाऱ्यांबद्दल. चूक काढण्याआधी गाडी ओळखा. पोर्शेचे गेमसाठीचे हक्क २००० ते २०१६ पर्यंत जवळजवळ पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे, म्हणजे नीड फॉर स्पीडवाल्या कंपनीकडे होते. म्हणून ग्रॅन टुरिस्मोमध्ये पोर्शे नसायची, पोर्शेच्या सांगाड्यावर स्वतःच्या गाड्या बनवणाऱ्या रुफची गाडी असायची. आजही लोक लिहितात, "ती नाव बदललेली नकली पोर्शे." नाही हो! रुफला जर्मनीत १९८१ पासून स्वतंत्र उत्पादक म्हणून मान्यता आहे, त्यांच्या गाड्यांवर त्यांचा स्वतःचा चॅसी नंबर असतो.

चौथ्या भागात १९८७ ची पिवळी रुफ सीटीआर आहे, यलोबर्ड. तिच्या शेजारी त्या काळची पोर्शे ९११ उभी करा आणि छताची कड बघा. ९११ ला दाराच्या वरून पाणी वाहून जायला बारीक पन्हाळी असते. यलोबर्डची पन्हाळी काढून टाकलेली, छत थेट काचेपर्यंत गुळगुळीत उतरतं. मागच्या चाकांवरच्या पत्र्यात हवा आत घ्यायला खाचा. त्या वर्षी ही गाडी ताशी ३३९ किलोमीटरवर गेली होती. मॉडेल करणाऱ्याने ती पन्हाळी चुकून ठेवली असती तर नाव रुफ आणि अंग पोर्शेचं झालं असतं. बोटाच्या जाडीची पट्टी आहे ती, पण ओळख तिच्यावर आहे.

सांगली_गॅरेज

माझा गाड्या दुरुस्तीचा धंदा आहे, गेम मुलाबरोबर खेळतो. सगळे दिसण्याबद्दलच बोलताय. आवाजाचं काय? कितीतरी गेममध्ये सहा सिलिंडरची गाडी व्हॅक्यूम क्लीनरसारखी घोंघावते. मला डोळे बांधून उभं करा, तीन सिलिंडर की चार ते गाडी उभी असताना नुसत्या चालू इंजिनवरून सांगतो. ती थरथर वेगळी. गेममध्ये पन्हाळी मोजता आणि इंजिन भलतंच वाजतं, त्यावर कुणी बोलत नाही.

दुसरं, खरं म्हणजे काय तेही ठरवा. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४, १९९९ ची. कंपनीच्या कागदावर ताकद २८० पीएस. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की त्यावरचा आकडा जाहीर करायचा नाही, २००४ पर्यंत ते चाललं. प्रत्यक्षात गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर चढवली की ३०० च्या वर जायची. आता गेमवाल्याने काय लिहायचं? २८० लिहिलं तर कागदाशी इमान, गाडीशी नाही. जास्त लिहिलं तर तुमच्यासारखाच कुणीतरी माहितीपत्रक घेऊन भांडायला येणार.

जाळी_आणि_पोत

@सांगली_गॅरेज +१. अगदी नेमकं. मूळच एकसारखं नसतं. एकाच वर्षाच्या गाडीत देशागणिक दिवे बदलतात, बंपर बदलतात, नंबरप्लेटची खोबण बदलते.

आणि गेमवाले बेफिकीर असतात हा समज काढून टाका. २००७ च्या निसान जीटी-आर आर३५ मध्ये डॅशबोर्डवर जो पडदा आहे, टर्बोचा दाब, तेलाचं तापमान वगैरे दाखवणारा, त्याची मांडणी पॉलिफनी डिजिटलने केली. म्हणजे ग्रॅन टुरिस्मो बनवणाऱ्यांनीच. निसानने खऱ्या गाडीचा पडदा गेमवाल्यांकडून आखून घेतला.

सुलतान_मालक

माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत मार्ग जीटीए ५ (ग्रँड थेफ्ट ऑटो) या गेमचा. खरं नावच नाही. फिस्टर कॉमेट बघितली की ९११ ओळखू येते, ब्राव्हाडो बॅन्शीत डॉज व्हायपर दिसते. कॅरिन सुलतानमध्ये सुबारू इम्प्रेझा आहे आणि लेक्सस आयएससुद्धा. आयजीसीडी नावाची वेबसाइट आहे, तिथे लोक गेममधली प्रत्येक गाडी ओळखून नोंदवतात. पुढचा भाग हिचा, मागचा तिचा, यावर वाद घालतात. मी स्वतः सुलतानच्या मागच्या दिव्यांवर एक अख्खी रात्र घालवली आहे. इथे चूक हा प्रश्नच उरत नाही.

पन्हाळी_पाहणारा

प्रश्न उरत नाही, कारण वचनच दिलेलं नाही. मला तो खेळ आवडतो, पण त्याला रेसिंग गेमचं उत्तर म्हणू नका. यलोबर्डऐवजी "यलोबर्डसारखी काहीतरी" चालवायला मी चार हजारांची डिस्क घेणार नाही.

चौथा_गिअर

गॅरेजवाले दादा, तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. ताकदीच्या आकड्याबाबत मी "बरोबर" हा शब्द फार सहज वापरला असता. तिथे कागदावरचा आकडा लिहा, चालेल. आवाजाचंही तुमचं खरं आहे, माझ्या कानाला तो फरक कळत नाही म्हणून मी लिहिलं नाही.

पण आकाराबाबत मागे हटत नाही. @जाळी_आणि_पोत, तुमच्या खाली बसलेल्या गाडीची चूक लोकांनी पहिल्या आठवड्यात दाखवली. पुढे काय झालं? दुरुस्त झाली का?

जाळी_आणि_पोत

नाही. कंत्राट संपलं होतं. फाइल दुसऱ्यांकडे गेली आणि तीच गाडी पुढच्या भागातही तशीच आली. खरं सांगायचं तर मी घरी माझ्या प्रतीत उंची नीट करून ठेवली आहे. ती कुणी मागितली नाही.

चौथा_गिअर

हेच तर. माझा राग तुमच्यावर नाही, त्या "तशीच आली"वर आहे. चूक होणं मी समजू शकतो. ती कळल्यावर आणखी एक भाग, आणखी चार वर्षं तशीच विकणं मला समजत नाही.

तासाला_वीस_रुपये

ती दुरुस्त फाइल विचारूनही घेतली नाही हे वाचून मलाही चुटपुट लागली. एवढ्यापुरता तुमच्या बाजूने. आउटरनबद्दल माझं मत तेच.

बाय द वे, आपल्याकडची वॅगन आर कुठल्या गेममध्ये आहे का? बाबांची पहिली गाडी ती होती.

पन्हाळी_पाहणारा

ग्रॅन टुरिस्मो ४ मध्ये वॅगन आर आरआर आहे, १९९८ ची. पण ती जपानची केई, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातली गाडी, ६५८ सीसी टर्बो, ६४ पीएस. आपल्याकडे १९९९ च्या अखेरीस आली ती १०६१ सीसीची, टर्बो नाही. उंच डब्याचा घाट तोच आहे. पुढचा बंपर आणि जाळी मात्र बाबांच्या गाडीसारखी असेल असं समजू नका.

तासाला_वीस_रुपये

धन्यवाद. बाबांचा गाडीपुढे हार घालून उभा असलेला फोटो आहे, बंपर स्पष्ट दिसतो. प्लेस्टेशन २ माळ्यावर आहे. शनिवारी काढतो आणि दोन्ही शेजारी ठेवून इथे फोटो टाकतो.