पाहुण्या प्राध्यापकांच्या पेपरवर बोलायचंय, मदत हवी आहे (संगीत बारी आणि स्टुअर्ट हॉल)

नमस्कार मंडळी,

पुण्यात संस्कृती-अभ्यासात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. विषय संगीत बारी, म्हणजे तमाशाचा लावणीवर चालणारा प्रकार. पुढच्या बुधवारी आमच्या विभागात परदेशातून आलेल्या एका प्राध्यापकांचा सेमिनार आहे आणि त्यांच्या पेपरवर पंधरा मिनिटं मी बोलायचं, असं गाईडनी परस्पर ठरवून टाकलंय. पेपर तीनदा वाचला. पहिल्यांदा भारावले, दुसऱ्यांदा खटकलं, तिसऱ्यांदा काय खटकतंय ते सापडलं. पण मांडायचं कसं, इथे गाडी अडलीय.

पेपरचा गाभा ब्रिटनमधले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांच्या 1973 च्या टीव्हीवरच्या मांडणीतून आलाय. कार्यक्रम करणारे त्यात एक अर्थ भरतात, पण बघणारा तोच अर्थ उचलेल असं नाही. कुणी तो जसाच्या तसा घेतो, कुणी अर्धामुर्धा मान्य करून आपल्या परिस्थितीप्रमाणे वळवतो, कुणी साफ उलटा लावतो. पाहुण्यांनी हेच तीन खण लोककलांना लावलेत. त्यात दोन पानं लावणीवर: पुरुषांसाठी बांधलेलं गाणं नाचणारी बाई उलटं लावते, सबब तो प्रतिकार.

मी दीड वर्ष चौफुला, मोडनिंब इथल्या थिएटरांत फील्डवर्क करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संगीत बारीत ढोलकी फडाच्या तमाशासारखा वग (नाट्य) नसतो. थिएटरात चार-पाच पार्ट्या असतात, प्रत्येक पार्टीला तिची मालकीण, आणि आळीपाळीने एकेकीची बारी लागते. स्टेजचं संपलं की खोलीत बैठक. दौलतजादा (बघणाऱ्यांनी नाचणारीला द्यायचे पैसे) सुरू झाला की गाणं जागेवर राहत नाही. नोट येते, फर्माईश येते, चालू लावणी अर्ध्यात तुटते, दुसरी सुरू होते. नाहीतर तीच ओळ पुन्हा घेतली जाते, पण अदा वेगळी. म्हणजे बघणाऱ्याने लावलेला अर्थ पैशाच्या रूपात तिथल्या तिथे परत येतो आणि पुढची ओळ बदलतो. टीव्हीवरच्या बातम्यांना हे सुख नाही! मग अर्थ 'भरणारा' कोण आणि 'उलगडणारा' कोण?

आणि प्रतिकाराचं म्हणाल तर एका मालकीणबाईंना मी भाबडेपणाने विचारलं होतं, नाचताना मनात काय असतं? त्या म्हणाल्या, "पेटीवाल्याला वरची पट्टी झेपंल का, ते." तेव्हापासून मी तो प्रश्न विचारणं बंद केलंय.

तर माझ्या अडचणी.

एक, मी हे बोलले की पाहुणे 'वा, किती छान उदाहरण' म्हणतील आणि पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकतील, अशी भीती आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी 2002 च्या लेखात समाजशास्त्रांमधले सैद्धांतिक ब्राह्मण आणि अनुभवजन्य शूद्र अशी विभागणी दाखवली होती, ती इथे डोळ्यांसमोर घडताना दिसते. त्यांनी सिद्धांत आणायचा, मी माल पुरवायचा. (त्या विभागणीत मी स्वतः बारीतल्या बायकांच्या कुठे वर बसलेय, हेही कळतंय. ते वेगळं दुखणं.)

दोन, त्यांना 'एकदा फील्ड बघायचंय'. घेऊन जा, असा विभागाचा आग्रह आहे. नेऊ का?

शर्मिला रेगे यांचं लावणीवरचं लेखन वाचलंय, त्यामुळे ते सुचवू नका. बाकी काहीही चालेल.

प्रतिसाद १

'आमच्याकडे तसं नसतं' या सुरात अजिबात बोलू नकोस. तो सूर लागला की समोरचा नम्रपणे मान डोलावतो आणि विषय संपतो. शिवाय पंधरा मिनिटांतली सात त्यांच्या पेपरचा सारांश सांगण्यात घालवू नकोस, आमच्या वेळी सगळे तेच करायचे. त्यांचा पेपर त्यांना माहीत असतो.

प्रतिसाद २

ताई, तुमचा मुद्दा चांगला आहे, पण नेम चुकतोय. हॉलवर बंदूक रोखू नका.

तो 1973 चा निबंध मुळात हॉलने लेस्टर विद्यापीठात भरलेल्या परिषदेत वाचला होता, बर्मिंगहॅमच्या आपल्या केंद्रातून तिथे जाऊन. लेस्टरच्या केंद्रात तेव्हा जनसंवादाच्या अभ्यासाची जी पद्धत होती, म्हणजे संदेश निघाला, पोचला, परिणाम मोजला, तिच्याशी भांडायला. हे त्याने पुढे एका मुलाखतीत स्वतः सांगितलंय, आणि आपण काही भव्य मॉडेल मांडायला निघालो नव्हतो हेही. म्हणजे त्या तीन खणांचा जन्मच पाहुण्याने यजमानांशी घातलेल्या वादातून झालाय. तुमच्याकडे यजमानाने पाहुण्याशी वाद घालायचा, एवढाच फरक!

दुसरं, हॉलचे खण तपासायला त्याचाच सहकारी डेव्हिड मॉर्ली गेला. बीबीसीच्या 'नेशनवाइड' कार्यक्रमाचे भाग त्याने 29 गटांना दाखवले, 1980 मध्ये निष्कर्ष छापले. बघणाऱ्याच्या सामाजिक वर्गावरून त्याचं वाचन ठरेल, हा अंदाज सरळ उतरला नाही. शिकाऊ कामगार पोरं बँक मॅनेजरांच्या जवळपास जाऊन बसली, आणि कॉलेजातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विरोध वगैरे केलाच नाही. त्यांचा त्या कार्यक्रमाशी काही संबंधच नव्हता. तुमच्या पेटीवाल्याच्या पट्टीची गोष्ट याच जातीची आहे. 'उलटं लावणं' आणि 'त्या प्रश्नाशी घेणंदेणं नसणं' यांत फरक आहे, आणि पाहुण्यांच्या पेपरात दुसऱ्याला जागाच दिसत नाही. हे विचारा. तळटीप करून सुटता येणार नाही.

दौलतजादाचा मुद्दा मात्र सगळ्यात मोलाचा. मूळ निबंधात निर्मिती आणि ग्रहण वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी घडतात हे गृहीत आहे. तुमच्याकडे दोन्ही एकाच खोलीत, एकाच तालात घडतात आणि मध्ये पैसा आहे. उदाहरण देऊ नका, विचारा: हे अंतर काढून घेतलं तर तुमच्या मांडणीतलं काय उरतं?

प्रतिसाद ३

फील्डबद्दल. मी समाजकार्याचा विद्यार्थी, असल्या 'भेटी' बऱ्याच बघितल्यात. थिएटरच्या मॅनेजरला विचारून जमणार नाही, तो हो म्हणणारच. पार्टीच्या मालकिणींना आधी एकटीने जाऊन विचार, आणि नाही म्हणायची मोकळीक खरी असू दे. गेलात तर बैठकीचा जो दर असेल तो पाहुण्यांनी भरायचा, विभागाच्या पत्रावर फुकट बसायचं नाही. मोबाइल पिशवीत. आणि बायकांना त्यांना उलट प्रश्न विचारायचे असतील तर भाषांतर तू कर, काटछाट न करता.

धागाकर्ती

मनापासून आभार. लेस्टरचं अजिबात माहीत नव्हतं, गाईडनाही सांगितलं, त्या तासभर खूश होत्या.

काल मोडनिंबला फोन केला. मालकीणबाई म्हणाल्या, येऊ द्या की, पण जत्रांचा हंगाम संपल्यावर, आत्ता पोरी दमल्यात. तोवर पाहुणे परत गेलेले असतील. विभागाला तसं कळवून टाकलंय, थोडी नाराजी आहे.

प्रश्न असा लिहिलाय: 'तुमच्या पेपरमध्ये बाई गाणं वाचते. मी पाहिलेल्या बैठकीत ती गाणं वाचत नाही, विकता विकता बदलते, आणि विकत घेणाराही ते बदलतो. अशा वेळी प्रतिकार शोधायचा तर तो गाण्यात शोधायचा की सौद्यात?' ठीक वाटतंय का? 'सौदा' जरा कडक होतोय का?

आणि शेवटचं. सेमिनार इंग्रजीत आहे. दौलतजादाला काय म्हणू? टिप म्हटलं की हॉटेलातला वेटर दिसतो.

प्रतिसाद २

सौदा राहू द्या. आणि दौलतजादा दौलतजादाच म्हणा. पहिल्या मिनिटात दोन वाक्यांत समजावून सांगा आणि पुढे तोच शब्द वापरत राहा. बोर्द्यूचा 'हॅबिटस' हा शब्द आपण भाषांतर न करता शिकलोच ना?