मदत हवी आहे: मुंबई-दिल्ली स्वस्त विमान, पुढे टोरांटो

नमस्कार मंडळी. आई-बाबा जानेवारीत ताईकडे टोरांटोला निघालेत. दिल्ली-टोरांटो तिकीट झालंय, विमान टर्मिनल ३ वरून पहाटे सुटतं. आता मुंबई-दिल्ली एका स्वस्त एअरलाइनचं घ्यावं असं बाबांचं म्हणणं. पण पीएनआर (बुकिंग नंबर) वेगळा, म्हणजे पहिलं विमान लेट झालं तर पुढचं गेलंच समजा, पैसेही बुडाले. त्यात जानेवारीत दिल्लीत धुकं!

शिवाय ते टर्मिनल १ ला उतरणार. तिथून बॅगा घेऊन रस्त्याने टर्मिनल ३ गाठायचं. आईचे गुडघे दुखतात.

सामानाचं त्रांगडं तर वेगळंच. पुढे माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, इथे फक्त १५ किलो. आईने मेतकूट, भाजणी आधीच दळून ठेवलीय, आता कमी कोण करणार? पुढचं तिकीट दाखवलं की देशांतर्गत विमानात जादा वजन सोडतात का?

संध्याकाळी सातला दिल्लीत उतरवावं का? की आदल्या दिवशीच पाठवून एरोसिटीत (दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलांच्या भागात) मुक्काम करू द्यावा? आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, त्यामुळे इथून निघतानाचा ट्रॅफिकही धरूनच सांगा. कोणी अलीकडे असं केलंय का?