हीलिंग, डिनायल, अफर्मेशन : डॉ. एमिली केडींच्या लेखनातले शब्द

प्रश्न :
डॉ. हॅरिएट एमिली केडी (१८४८–१९४१) यांच्या ‘लेसन्स इन ट्रूथ’ या आध्यात्मिक पुस्तकातल्या काही पाठांचं मराठी करते आहे. केडी आधी शिक्षिका होत्या, मग न्यूयॉर्क शहरात होमिओपॅथीच्या डॉक्टर. त्यांची एक पुस्तिका कॅन्सस सिटीच्या मर्टल आणि चार्ल्स फिलमोर या दांपत्याच्या हाती पडली आणि त्यांनी ‘युनिटी’ मासिकासाठी केडींकडून बारा पाठांची लेखमाला लिहून घेतली. ती १८९४ मध्ये सुरू झाली. पुढे तिचंच पुस्तक झालं. मी ‘स्पिरिच्युअल हीलिंग’ला ‘आध्यात्मिक उपचार’, ‘डिनायल’ला ‘नकार’ आणि ‘अफर्मेशन’ला ‘स्वयंसूचना’ योजलं आहे, पण वाचताना अर्थ निसटतो. शिवाय त्यांना ‘डॉक्टरीण’ म्हटलेलं चालेल का?

प्रतिसाद :
‘उपचार’ आधी काढा. उपचार म्हणजे करणाऱ्याची कृती : औषध, पथ्य, शेक, लेप. ते करूनही रोगी बरा होईलच असं नाही; ‘उपचार सुरू असताना मृत्यू’ ही बातमी आपण नेहमी वाचतो. हीलिंगमध्ये बरं होणं शब्दातच आहे. केडींच्या मते बरं करणारी शक्ती ईश्वराची आणि ती माणसाच्या आतच असते. औषधं देणाऱ्या बाईंनी हे लिहावं, याचं मला फार मोल वाटतं. ‘उपचार’ लिहिलंत तर त्यांचं दवाखान्यातलं काम आणि पुस्तकातलं म्हणणं एकच होऊन बसेल.

मराठीत जखम भरते, ताप उतरतो, दुखण्याला उतार पडतो, औषधाचा गुण येतो. ‘गुण येणे’ मोहात पाडतं, कारण हाताला गुण असलेले डॉक्टर गावोगाव असतात. पण तो गुण हाताचा किंवा औषधाचा, म्हणजे पुन्हा बाहेरचाच. मराठी बायबलमध्ये येशू रोग्यांना ‘बरे करतो’. केडींचा आधारही बायबलच, तेव्हा ‘आत्मिक बळाने बरं होणं’ असं सरळ लिहा. लांब झालं तरी चालेल.

प्रतिसाद :
माझी हरकत स्वयंसूचनेला. फ्रान्सचे एमिल कुए यांच्या पद्धतीला तो शब्द नेमका बसतो : मनाला एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकवायचं, मग मन तसं वळतं. केडींच्या लेखी अफर्मेशन म्हणजे जे मुळातच खरं आहे ते ठामपणे बोलणं. त्याला ‘ग्वाही’ म्हणा. ‘मन ग्वाही देत नाही’ हे आपल्या तोंडी असतंच.

‘नकार’ वाचून आजच्या वाचकाला आजार कबूल न करणारा रोगी आठवेल, आणि ‘निषेध’ म्हटलं की मोर्चा. केडींना म्हणायचंय ते असं : जे खरं भासतं पण खरं नाही, ते खरं नाही असं स्वतःला बजावणं. वेदान्तातला ‘निरास’ अर्थाने जवळचा. पण ‘भ्रमनिरास’ आता अपेक्षाभंगासाठीच वापरला जातो, आणि ‘निराश’शी गल्लत होते ती वेगळीच. ‘निरसन’ मात्र शंकानिरसनामुळे शाबूत राहिला आहे, तो घ्या. पुस्तकात चौथा पाठ डिनायलचा, पाचवा अफर्मेशनचा. आधी निरसन, मग ग्वाही. हा क्रम मोडू नका.

प्रश्नकर्ती :
‘ग्वाही’ लगेच पटला. पण नुसतं ‘निरसन’ अधांतरी राहतं. कशाचं निरसन?

प्रतिसाद :
ते दर वेळी सांगावं लागेल, आणि केडी सांगतातच. त्यांच्या चार निरसनांपैकी शेवटचं भीतीचं आहे : साऱ्या विश्वात मला भिण्यासारखं काही नाही. ‘भीतीचं निरसन’ वाचताना कुठे अडत नाही. पाठाच्या शीर्षकात अनेकवचन ठेवा, ‘निरसनं’.

प्रतिसाद :
‘डॉक्टरीण’ नको. पाटलीण, मास्तरीण यांच्यासारखा त्यातही ‘डॉक्टरांची बायको’ हा अर्थ आहे. ‘वैद्य’ म्हटलं तर आयुर्वेद डोळ्यांपुढे येतो. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या, त्यांना आपण ‘डॉ. आनंदीबाई’च म्हणतो. तसंच ‘डॉ. केडी’ लिहा, त्या बाई आहेत हे मराठी क्रियापद पहिल्याच वाक्यात सांगेल.