मदत हवी आहे : व्यालेल्या मांजरीचे एक पिल्लू वाढत नाही, वरचे दूध द्यावे का?

नमस्कार. आम्ही सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत राहतो. आमच्याकडे दोन्ही वेळा जेवायला येणारी एक मांजर श्रावणाच्या तोंडाशी गॅलरीतल्या लाकडी कपाटाखाली व्याली. चारही पिल्लांना आता दोन आठवडे होत आले असून सर्वांचे डोळे उघडले आहेत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी रोज एकाच वेळी त्यांची वजने करते. तीन पिल्ले दिवसाला दहा-बारा ग्रॅमने वाढत अडीचशेच्या घरात पोहोचली आहेत, चौथे मात्र दीडशेवर अडकले आहे. ते दूध ओढते, पण भावंडे त्याला सडापासून सतत ढकलून देतात. त्याला जुलाब नाहीत, अंगही गार लागत नाही, मात्र बाकीच्यांच्या मानाने ते फार वेळ झोपून असते.

मांजरीचे खाणेपिणे उत्तम आहे. सड मऊ आहेत, कुठे लाली किंवा गाठ नाही. तिला पिल्लांसाठी मिळणारे ओले आणि कोरडे खाद्य देते, कारण अंगावर पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणे लागते असे वाचले होते. (आईने डिंकाच्या लाडवांचा विषय काढला होता, तो मी पुढे जाऊ दिला नाही.)

वरचे दूध द्यावे का आणि द्यायचे तर कोणते, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याशिवाय पावसाने गॅलरीची फरशी ओली राहते आणि पत्र्यावरून एक बोका येऊन डोकावतो, म्हणून सर्वांना आतल्या खोलीत घ्यावेसे वाटते. पण मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात, आणि जागा बदलल्यावर ती भर पावसात त्यांना उचलून नेईल अशी भीती वाटते. तिसरे म्हणजे पिल्लांच्या मानेवर पिसवा दिसतात. दुकानदाराने दिलेल्या पावडरीच्या डब्यावर कुत्र्याचे चित्र आणि ‘पर्मेथ्रिन’ हा घटक आहे. ती अद्याप वापरलेली नाही.

प्रतिसाद

ती पावडर घरात ठेवूच नका. पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असते आणि आई पिल्लांना सतत चाटत असल्याने ते तिच्याही पोटात जाईल.

आपल्या तिसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर असण्याची शक्यता मला अधिक वाटते. एवढ्याशा जिवाचे रक्त पिसवा पीत राहिल्या, तर त्याला रक्तक्षय होतो. ते मलूल पडते, मग दूध ओढण्याची ताकद राहत नाही आणि भावंडांपुढे टिकावही लागत नाही. म्हणून आधी त्याच्या हिरड्या पाहा. त्या गुलाबी असायला हव्यात. फिकट किंवा पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तोवर बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका आणि अंथरूण कढत पाण्यात धुवा. औषध वय आणि वजन पाहून डॉक्टरांनीच द्यावे. जंताच्या औषधाचेही त्याच भेटीत विचारा. ते आईला आणि पिल्लांना एकाच वेळी द्यायचे असते.

दुधाचे म्हणाल, तर आधी तीन धट्टीकट्टी पिल्ले थोडा वेळ उबदार खोक्यात बाजूला ठेवून याला एकट्याला पिऊ द्या. तरीही वजन वाढले नाही तर मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी प्रथिने असतात आणि त्याने जुलाब लागू शकतात. दूध कोमट असावे, पिल्लू पोटावर असावे आणि सिरिंजमधून थेंब थेंब सोडावे. उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते.

ओल्या फरशीवर मात्र त्यांना ठेवू नका. मांजर जेवत असताना तेच अंथरूण आणि पिल्ले अंधाऱ्या, बंद खोलीत हलवा आणि लगेच तिलाही आत घ्या. एका कोपऱ्यात खाणे-पाणी, दुसऱ्यात मातीचे घमेले ठेवा. ती तिथे रुळेपर्यंत दार-खिडक्या उघडू नका. बोक्याला दूर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे : पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले सुटी झाली की तिची नसबंदी करून घ्या.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. चौथ्याच्या हिरड्या खरोखरच फिकट आहेत, इतरांच्या गुलाबी आहेत. संध्याकाळी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. त्या एकट्यालाच न्यावे की सर्वांना?

प्रतिसाद

सर्वांना एकाच टोपलीत न्या. पिसवा साऱ्यांच्याच अंगावर असणार, शिवाय या वयात पिल्लांना स्वतःची ऊब नीट राखता येत नाही. टोपलीच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लांना दुसरीकडे सरकता येईल. वजनांची वहीही बरोबर असू द्या. डॉक्टर प्रथम तीच मागतील.