स्वान्सी सिटीची घसरण: २०१६ची विक्री नडली की त्याआधीची खरेदी?

ऑफसाइड_आप्पा (धागाकर्ता)

वेल्समधल्या स्वान्सी या फुटबॉल क्लबाचा विषय निघाला की ठरलेलं पालुपद सुरू होतं: चाहत्यांनी वाचवलेला क्लब, २०१६ला अमेरिकनांनी घेतला, २०१८ला प्रीमियर लीगमधून बाहेर. घटनांचा क्रम बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं लावलं जातं. माझ्या मते क्लब विक्रीच्या वर्षभर आधीच बिघडायला लागला होता, आणि बिघडवणारी माणसंही तीच, ज्यांनी तो वर आणला होता.

वर कसे गेले ते आधी बघा. फेब्रुवारी २००७मध्ये रॉबर्टो मार्टिनेझ मॅनेजर झाले तेव्हा क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. २००८ला ९२ गुण घेऊन ती श्रेणी, म्हणजे लीग वन, जिंकली. मग पाउलो सोसा, ब्रेंडन रॉजर्स, मायकल लाउड्रप. मॅनेजर बदलले तरी खेळाचा साचा तोच राहिला. गोलकीपरने लांब न मारता जवळ पास द्यायचा, दोन्ही सेंटर-बॅकनी बाजूंना पांगायचं, लिऑन ब्रिटनने खाली येऊन चेंडू मागायचा, विंगरांनी रेषेला चिकटून मैदान रुंद ठेवायचं. साचा पक्का असला की खरेदी स्वस्तात होते, कारण कुठल्या जागी नेमकं काय करणारा माणूस हवा हे आधीच ठाऊक असतं. अ‍ॅशली विल्यम्स २००८मध्ये स्टॉकपोर्टकडून ४ लाख पाउंडांना आला. मिचू २०१२मध्ये २० लाखांच्या आसपास, आणि पहिल्याच मोसमात लीगमध्ये १८ गोल. त्याच मोसमात, २४ फेब्रुवारी २०१३ला, ब्रॅडफर्डला ५-० हरवून लीग कप.

आता उतरण. जानेवारी २०१५मध्ये स्ट्रायकर विल्फ्रेड बोनी अडीच कोटींना मँचेस्टर सिटीकडे गेला. पुढच्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाखांना एडर आणला, त्याचा लीगमध्ये एकही गोल नाही. (त्याच एडरने २०१६च्या युरो फायनलमध्ये पोर्तुगालसाठी विजयी गोल मारला. स्वान्सीचं नशीब!) डिसेंबर २०१५मध्ये गॅरी मंक यांना काढलं, मग ग्विडोलिन, ब्रॅडली, क्लेमेंट, कार्व्हाल्यल. प्रत्येकाचा फुटबॉल वेगळा, त्यामुळे एकासाठी आणलेला खेळाडू दुसऱ्याला नको. ऑगस्ट २०१६मध्ये बोर्हा बास्तोनवर दीड कोटींहून जास्त खर्च केले, तेव्हाचा क्लबचा विक्रम, आणि लीगमध्ये एक गोल. अध्यक्ष ह्यू जेन्किन्स २००२पासून फेब्रुवारी २०१९पर्यंत तेच होते. मालक बदलण्याआधीचे आणि नंतरचे ट्रान्सफर एकाच टेबलावरून झाले. मग नुसत्या अमेरिकनांच्या नावाने बोटं का मोडायची?

---

तिसरा_पोल

असहमत. तुमची पहिली घसरगुंडी गुणतक्त्यात दिसतच नाही. २०११-१२मध्ये ४७ गुण आणि अकरावा क्रमांक. २०१५-१६मध्ये ४७ गुण आणि बारावा. बिघडलेला क्लब असा दिसत नाही. मधलं २०१४-१५ हे ५६ गुणांचं, आठव्या क्रमांकाचं वर्ष अपवाद होतं. ते मोजमाप धरलं तर काहीही घसरणच वाटेल.

विक्री जुलै २०१६ची. त्यानंतरच्या मोसमांत ४१ गुण, मग ३३ गुण आणि अठरावा क्रमांक. मधे काय झालं? विक्रीनंतर महिन्याभरात कर्णधार विल्यम्स एव्हर्टनला आणि आन्द्रे आयू दोन कोटींवर रक्कम घेऊन वेस्ट हॅमला. विल्यम्सच्या तोडीचा सेंटर-बॅक आलाच नाही. ऑक्टोबरमध्ये बॉब ब्रॅडली आले. ११ सामने, २९ गोल खाल्ले, ८५ दिवसांत घरी. ही नेमणूक जुन्या टेबलावरून झाली म्हणणं फारच झालं.

पण खरा घाव ऑगस्ट २०१७चा. सिगुर्डसन साडेचार कोटींना एव्हर्टनला आणि महिन्याच्या शेवटी योरेंते टॉटनमला. आधीच्या मोसमात योरेंतेचे लीगमध्ये १५ गोल होते, सिगुर्डसनचे ९ गोल आणि १३ असिस्ट. म्हणजे संघाच्या ४५ गोलांपैकी बहुतेकांत या दोघांपैकी कुणीतरी होतं. बदल्यात काय? बोनी परत, पण पहिल्यासारखा नाही. आणि रेनाटो सांचेस लोनवर. पुढच्या मोसमात ३८ सामन्यांत २८ गोल. कॉर्नर आणि फ्रीकिकवर जगणाऱ्या संघाने चेंडू टाकणारा विकला आणि डोकं लावणाराही विकला, तर दुसरं काय होणार?

---

ऑफसाइड_आप्पा

गुणतक्ता उशिरा बोलतो, राव. २०१५-१६मध्ये सर्वाधिक लीग गोल आयूचे १२ आणि सिगुर्डसनचे ११. खऱ्या स्ट्रायकरांत गोमिसचे ६, एडर शून्य. बोनीची जागा वर्षभर रिकामीच होती, मधल्या फळीने ती झाकली. २०१६ला आयू गेला, २०१७ला सिगुर्डसन, तेव्हा पांघरूण निघालं. कॉर्नरवर जगणारा संघ तुम्ही म्हणता तो मार्टिनेझचा संघ नव्हे, हे तर तुम्हीच कबूल केलंत.

---

कागदपत्र_काका

दोघेही मैदानावरच भांडताय. ज्या कागदामुळे ही विक्री चाहत्यांच्या ट्रस्टला (क्लबचे समभाग धरणाऱ्या त्यांच्या संस्थेला) वगळून होऊ शकली, त्यावर कुणीच बोलेना.

२००१च्या शरदात क्लब टोनी पेटी यांच्या हाती गेला आणि खेळाडूंना काढण्याचे, पगार कापण्याचे प्रकार सुरू झाले. त्यातून चाहत्यांचा ट्रस्ट उभा राहिला. जानेवारी २००२मध्ये स्थानिक मंडळींच्या गटाने पेटींकडून क्लब घेतला आणि ट्रस्टने सुमारे वीस टक्के समभाग घेतले. संचालक मंडळावर ट्रस्टचा एक निवडून आलेला संचालक. बाकीचे भाग मूठभर व्यक्तींकडे. म्हणजे स्वान्सी कधीच ‘चाहत्यांच्या मालकीचा’ नव्हता, ‘चाहत्यांचा वाटा असलेला’ होता. फरक मोठा आहे.

२०१६ला ट्रस्टकडे २१.१ टक्के होते. ब्रिटिश कंपनी कायद्यात विशेष ठराव मंजूर व्हायला ७५ टक्के मतं लागतात, म्हणजे तो अडवायला २५ टक्क्यांहून जास्त हवेत. साधा ठराव तर निम्म्याहून जास्त मतांवर होतो. २१.१ टक्क्यांत यातलं काहीच एकट्याने अडत नाही. चार टक्क्यांनी हुकलं म्हणा. आणि तसंही, बाकीच्यांनी आपापले समभाग विकायला कुठल्याच ठरावाची गरज नसते. ते अडवायचं तर भागधारक करारातच लिहून ठेवावं लागतं.

त्यात दोन कलमं लागतात. एक, पहिल्या खरेदीचा हक्क: कुणी समभाग विकणार असेल तर त्याने आधी उरलेल्यांना विचारायचं. दोन, सोबत विकण्याचा हक्क: मोठे भागधारक ज्या भावाने विकतील त्याच भावाने, त्याच दिवशी, छोट्यालाही विकता आलं पाहिजे. दुसरं कलम जास्त मोलाचं, कारण पहिलं वापरायला खिशात पैसे लागतात आणि ट्रस्टच्या खिशात ते नसतात. सोबत विकायचा हक्क नसला की नवा मालक ६८ टक्के घेऊन मोकळा होतो, त्याला तुमच्या २१ टक्क्यांची गरजच उरत नाही, आणि गिऱ्हाईक नसलेल्या समभागाला किंमत नसते. जेसन लेव्हिअन आणि स्टीव्ह कॅप्लन यांच्या अमेरिकन गटाने सुमारे ६८ टक्के घेतले तेव्हा नेमकं हेच झालं. ट्रस्टचं म्हणणं, वाटाघाटीत आम्हाला घेतलंच नाही. २००२चा भागधारक करार पाळला गेला की नाही यावरूनच पुढचा वाद झाला.

मग उरतो एकच रस्ता: २००६च्या कंपनी कायद्याचं कलम ९९४, अल्पसंख्य भागधारकावर अन्याय झाल्याचा अर्ज. त्यात कोर्ट बहुतेकदा समभाग रास्त भावाने विकत घ्यायला लावतं. पण खर्च प्रचंड आणि वेळ त्याहून जास्त. २०१७ला काही भाग विकायच्या प्रस्तावाला सदस्यांनी होकार दिला, तो व्यवहार झाला नाही. २०१९ला खटल्याच्या बाजूने मतदान, २०२२ला कोर्टाबाहेर तडजोड. तोवर क्लब चार मोसम दुसऱ्या श्रेणीत होता आणि समभागांचा भाव कुठल्या कुठे गेला होता.

---

तिसरा_पोल

काका, हे माझ्याच बाजूचं झालं.

---

कागदपत्र_काका

अर्धंच. करार २००२मधला. तो ढिला राहिला असेल तर दोष २००२चा. २०१६ला विकणाऱ्यांनी भाव चांगला असताना विकलं. त्याच मोसमापासून प्रीमियर लीगचा पाच अब्ज पाउंडांहून मोठा टीव्ही करार सुरू होत होता. ज्याच्या हातात समभाग आहेत तो अशा वेळी विकणारच, हे धरूनच करार लिहायचा असतो.

---

वेच_फील्ड

धागा छान रंगलाय, पण सगळ्यांची स्मरणशक्ती २००२पासून सुरू होते की काय? हा क्लब १९१२चा, तेव्हा नाव स्वान्सी टाउन. पहिल्या मोसमात वेच फील्ड या जुन्या मैदानावर हिरवळच नव्हती, भट्टीतल्या जळक्या खड्यांवर खेळाडू गुडघ्यांना पट्टे बांधून खेळत. १९६४ला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलला हरवून एफए कपच्या उपांत्य फेरीत गेले आणि प्रेस्टनकडून हरले.

या धाग्याशी थेट संबंध आहे तो जॉन टोशॅक यांच्या काळाचा. मार्च १९७८मध्ये ते आले तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीत होता. १९७८, १९७९ आणि १९८१ला बढती. पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच सामन्यात लीड्सला ५-१, बॉब लॅचफर्डची हॅटट्रिक. मोसमाअखेर सहावा क्रमांक. मग १९८३ला खाली, १९८४ला पुन्हा खाली, डिसेंबर १९८५ला कोर्टाकडून क्लब गुंडाळण्याचा आदेश, तो निभावला तर १९८६ला परत चौथ्या श्रेणीत. तेव्हा ना अमेरिकन होते ना ट्रस्ट. वर गेल्यावर मोठे पगार आणि मोठी खरेदी, दुखापती, मग तिकिटांचं उत्पन्न कमी पडणं. १९८१ला लिव्हरपूलच्या कॉलिन अर्विनवर साडेतीन लाखांच्या आसपास खर्च केले, तो विक्रम मोडायला २००८चा अ‍ॅशली विल्यम्स यावा लागला. मधली सत्तावीस वर्षं हा क्लब कसा जगला ते या एका आकड्यावरून कळेल.

सांगायचं एवढंच की या शहराच्या क्लबाला पहिल्या श्रेणीत चुकीला जागाच नाही. २००५ला पालिकेने बांधलेल्या लिबर्टी स्टेडियमवर गेले, तेही जेमतेम एकवीस हजारांचं आणि ऑस्प्रेज या रग्बी संघासोबत वाटून घेतलेलं. एव्हर्टन दोन उन्हाळे चुकली तरी तग धरते. स्वान्सी दोन उन्हाळे चुकली की संपलं. आप्पांची खरेदी म्हणा की पोलची विक्री म्हणा, कारण कुठलंही चाललं असतं.

---

ऑफसाइड_आप्पा

हे मात्र पटत नाही. ‘लहान क्लब, पडणारच’ म्हटलं की कुणालाच जाब विचारता येत नाही. त्याच एकवीस हजारांच्या स्टेडियमवर सलग सात मोसम काढले. सप्टेंबर २०१३मध्ये व्हॅलेन्सियाला त्यांच्या घरी ३-० हरवलं.

---

रेसकोर्स_रोड

उत्तर वेल्सकडूनही थोडं. ट्रस्टने विकणं हेच पाप असेल तर इथल्या रेक्सहॅम क्लबाचं काय? २००४च्या डिसेंबरमध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला, १० गुण कापले गेले, २००८ला लीगमधूनच (वरच्या चार श्रेणींतून) बाहेर. २०११ला ट्रस्टने क्लब घेतला आणि हिशेब ताळ्यावर आणला, पण पाचव्या श्रेणीतून काही सुटका होईना. नोव्हेंबर २०२०मध्ये सदस्यांनी ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या अभिनेत्यांना क्लब देऊन टाकला. पुढे २०२३ला १११ गुणांनी पाचवी श्रेणी जिंकली, मग २०२४ आणि २०२५लाही बढती. विक्री वाईट नसते, गिऱ्हाईक वाईट असतं.

अवांतर: नील टेलर या दोन्ही क्लबांतला दुवा. २०१०ला रेक्सहॅमहून स्वान्सीला गेला. आई मूळची कोलकात्याची. जानेवारी २०१७मध्ये त्याला आणि वर रोख रक्कम अ‍ॅस्टन व्हिलाला देऊन स्वान्सीने जॉर्डन आयू घेतला. आप्पांच्या खरेदीच्या यादीत हेही घाला.

---

कागदपत्र_काका

रेक्सहॅमचा ट्रस्ट पूर्ण मालक होता. म्हणून गिऱ्हाईकाला समोर बसवता आलं, प्रश्न विचारता आले, सदस्यांचं मत घेता आलं. स्वान्सीच्या सदस्यांना विक्रीआधी मत विचारलंच गेलं नाही. गिऱ्हाईक कोण होतं हा नंतरचा प्रश्न.

आणि तुलना हवीच तर एक्झिटर या इंग्लिश क्लबाशी करा. ३ मे २००३, चौथ्या श्रेणीतल्या मोसमाचा शेवटचा दिवस. स्वान्सीने वेचवर हल सिटीला ४-२ हरवलं, जेम्स थॉमसची हॅटट्रिक, क्लब लीगमध्ये राहिला. एक्झिटर आपला सामना जिंकूनही बाहेर गेला. त्याच वर्षी एक्झिटरच्या ट्रस्टने क्लब हाती घेतला, बहुमताचे समभाग मिळवले आणि सोडले नाहीत. २००५ला मँचेस्टर युनायटेडशी ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० बरोबरी साधून परतीचा सामना मिळवला, त्या तिकिटांच्या आणि टीव्हीच्या पैशांनी कर्ज फेडायला मोठी मदत झाली. २००८ला लीगमध्ये परत.

---

ऑफसाइड_आप्पा

एक्झिटर पहिल्या दोन श्रेणींत एकदाही गेलेला नाही, काका. बहुमत राखलं ते खरं, पण राखलं कशावर तेही बघा.

---

तिसरा_पोल

आणि स्वान्सी ३० मे २०११ला वेम्बलीवर रेडिंगला ४-२ हरवून प्रीमियर लीगमध्ये गेला तेव्हा ट्रस्टचा माणूस संचालक मंडळावर बसलेला होता. वर जायला ट्रस्ट आड आला नव्हता.

---

ऑफसाइड_आप्पा

तो मुद्दा मान्य. पण एडरच्या खरेदीच्या वेळीही तो तिथेच बसलेला होता.