काढा, फांट की नुसता चहा?

मागच्या आठवड्यात घसा बसला म्हणून दुकानातून ‘तुळस-आलं काढा’ असं छापलेला खोका आणला. कागदी पुडी गरम पाण्यात सोडायची आणि दोन मिनिटांनी उचलायची. आत्या घरीच होती. कप नाकाशी धरून म्हणाली, “याला काढा कोण म्हणतं? आटलंय काय यात?” (चव बरी होती. घसा तसाच.) तेव्हापासून डोक्यात हेच, म्हणून इथे सगळ्यांना विचारावं म्हटलं. ‘काढा’ हा शब्द ‘काढणे’वरून आला का, म्हणजे औषधाचा गुण पाण्यात काढायचा म्हणून? आणि न आटवलेल्याला मराठीत काही वेगळं नाव आहे की सगळाच हर्बल टी?

*

‘काढणे’शी नातं नाही, दिसतात तेवढे सारखे. काढा हा संस्कृत ‘क्वाथ’. क्वथ् म्हणजे उकळणे. त्याचं प्राकृतात ‘कढइ’ झालं आणि तिथून आपलं कढणे, कढत पाणी, तूप कढवणे, झालंच तर कढीसुद्धा. ‘काढणे’ मात्र प्राकृत ‘कड्ढइ’वरून, म्हणजे ओढणे. आणि जिच्यात आपण कढवतो ती कढई या कुळातली नाहीच, ती ‘कटाह’ची!

तुमच्या आत्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात क्वाथाचं माप दिलंय: भरडलेल्या औषधाच्या सोळापट पाणी, मातीच्या भांड्यात मंद आचेवर अष्टमांश उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे ५० ग्रॅम भरड घेतली तर ८०० ग्रॅम पाणी, आणि हाती लागणार १००. आमच्या गावचे वैद्य ‘आठ कपांचा एक करा’ एवढंच सांगायचे. घरी मात्र निम्म्यावर आलं की गॅस बंद होतो.

*

न आटवलेल्याला चोख शब्द आहे: फांट. औषधाचे पारंपरिक पाच प्रकार म्हणजे स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ, हिम आणि फांट. फांटात चूर्णाच्या चौपट कढत पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, गाळायचं. पाणिनीच्या सूत्रात (७.२.१८) ‘फाण्ट’ शब्दाचा अर्थ दिलाय ‘अनायास’, म्हणजे विनासायास झालेलं. तुमच्या पुडीला याहून नेमकं नाव सापडणार नाही.

हा फरक उगाच कीस काढण्यासाठी नाही. मुळं, साली, सुंठीसारखी कडक द्रव्यं उकळल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. तुळस, पुदिना, गवती चहा यांचं सगळं वासात, आणि वास म्हणजे उडून जाणारं तेल. ते अर्धा तास उघड्यावर खदखदवलं तर स्वयंपाकघराला औषध मिळतं, माणसाला नाही.

आता गंमत बघा. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ सांगितला होता: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. कृती काय, तर ३ ग्रॅम चूर्ण १५० मिलीलीटर उकळलेल्या पाण्यात घालून चहासारखं प्यायचं. नाव क्वाथ, कृती फांटाची. त्या वर्षी घरोघरी ‘काढा’ शब्द इतका सैल झाला की हळदीच्या दुधालाही लोक काढा म्हणू लागले.

*

शब्द छान आहे, पण सासूबाईंना ‘जरा फांट घेता का’ विचारून बघा! आमच्याकडे अशा सगळ्याला ‘पाणी’च म्हणतात. ओव्याचं पाणी, बडीशेपेचं पाणी. उन्हाळी लागली की धणे-जिरे रात्री भिजत घालून सकाळी गाळून.

*

ते धण्याचं पाणी म्हणजेच वरच्या यादीतला ‘हिम’. सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवायचं, चूल पेटवायचीच नाही. शार्ङ्गधराने धण्याचा हिम साखर घालून सकाळी प्यायला सांगितलाय, आतली आग आणि तहान यांवर. मराठीत हिम म्हटलं की बर्फ आठवतो, म्हणून शब्द मागे पडला असावा. कृती टिकली.

*

गोव्याकडे काढ्याला ‘कसाय’ म्हणतात. धणे, जिरं, मिरी, सुंठ, गूळ. कुणी दूधही घालतात. मूळ शब्द ‘कषाय’. त्याचा एक अर्थ काढा, दुसरा तुरट चव. संन्याशाची काषाय वस्त्रंही त्याच घरची. गोड कसाय पिताना तुरटपणा कुणाला आठवत नाही ते सोडा.

जाता जाता: आमच्या लहानपणी ‘हिरवा चहा’ म्हणजे गवती चहाच, पातीचा. आता तो मागितला की ग्रीन टी पुढे येतो. ते वेगळं झाड, खऱ्या चहाचंच.

*

दुकानातल्या बाटल्यांनी आणखी घोळ केलाय. दशमूलारिष्टाला आमच्याकडे सर्रास काढा म्हणतात. अरिष्टाची सुरुवात काढ्याने होते खरी, पण पुढे गूळ आणि धायटीची फुलं घालून ते आंबवतात. बाळंतकाढा १, २, ३ क्रमांकांनी मिळतो, त्यातही बाटलीतला टिकाऊ असतो, भरड आणून घरी उकळलेला त्याच दिवशी संपवायचा. बाळगुटी मात्र काढा नव्हेच, ती सहाणेवर उगाळतात.

*

सगळं आत्याला वाचून दाखवलं. घसा तोवर आपोआप सुटला होता, सुंठेवाचून खोकला गेला म्हणतात तसा. पाणिनीपर्यंत तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “फांट म्हण नाहीतर आणखी काही म्हण. पात टाकलीस की आच बंद कर आणि वर झाकण ठेव.”